लामावर गेला तो परतलाच नाही: घरातल्या बेपत्ता शिपायाचा शोध कसा घ्यावा

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, पुणे, नगर या भागातल्या कितीतरी घरांच्या वंशावळीत एखाद्या नावाखालची जागा मोकळी असते. लग्न झालं होतं की नाही, मूलबाळ होतं की नाही, कोणालाच सांगता येत नाही. फक्त 'लामावर गेला', म्हणजे लढाईवर गेला, एवढंच मागे उरलेलं. आमच्या घरात ते पणजोबांचे धाकटे भाऊ. "बसऱ्याला गेला तो गेलाच," असं आत्या सांगायची; बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं. मृत्यूची तिथी ठाऊक नव्हती, म्हणून दर वर्षी सर्वपित्री अमावस्येला त्यांचं पान वाढलं जायचं.

त्यांचा शोध घेताना माझी दोन वर्षं गेली. त्यातली निम्मी चुकीच्या क्रमाने शोधल्यामुळे गेली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून योग्य क्रम लिहिते आहे. हा लेख मुख्यतः दोन महायुद्धांत गेलेल्यांविषयी आहे. १९४७ नंतरच्या युद्धांचं थोडक्यात शेवटाकडे येईल.

आधी 'बेपत्ता' म्हणजे काय ते नीट समजून घ्या

पहिल्या महायुद्धात १३ लाखांच्या आसपास हिंदी, म्हणजे भारतीय, माणसं सैन्यात आणि सैन्याच्या कामाला होती, त्यांतली ७४,००० मेली. दुसऱ्या महायुद्धात २५ लाख होती, ८७,००० मेली. यांतल्या मोठ्या संख्येची कबर नाही. पण कबर नाही म्हणजे माणूस बेपत्ताच होता, असं नव्हे.

काहींचा देह खरोखरच सापडला नाही. काहींना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, त्यामुळे कबर असण्याचा प्रश्नच आला नाही, पण मृत्यूची नोंद व्यवस्थित झाली. आणि काहींची सगळी माहिती सरकारदरबारी होती, ती फक्त घरापर्यंत पोचली नाही. पत्र दुसऱ्याच गावाला गेलं, वाचणारा कोणी नव्हता, किंवा वाचलं आणि थोरल्यांनी बाकीच्यांना सांगितलं नाही. माझ्या पाहण्यात तिसऱ्या प्रकारची घरं सर्वांत जास्त आली. म्हणून 'तो हरवला' असं धरून शोध सुरू करू नका. 'त्याची नोंद कुठेतरी आहे, ती आपल्याला सापडलेली नाही' असं धरून करा.

"तिकडेच दुसरं लग्न करून राहिला" ही कथाही जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. ती वहीत जरूर लिहून ठेवा, पण कागद मिळेपर्यंत तिच्यामागे धावू नका.

पहिलं काम घरातच

इंटरनेट नंतर. आधी माळा, ट्रंक, देव्हाऱ्यामागचा कोनाडा. शोधायचं ते मुख्यतः पदक. पहिल्या महायुद्धाची पदकं बहुधा जोडीने येतात, एक चांदीचं आणि एक पितळी रंगाचं. पदकावरचा राजाचा मुखवटा आपल्या कामाचा नाही. पदक उभं धरा आणि कडा बघा. रुपयाच्या नाण्याला जिथे दाते असतात, तिथे अगदी बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. आमचं पदक लहान मुलांच्या खेळण्यात होतं, कडा गुळगुळीत झाली होती. दिवसा काहीच दिसेना. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च कडेला अगदी आडवा धरला, तेव्हा अक्षरांच्या सावल्या उठल्या आणि चार आकडे वाचता आले. ते चार आकडे पुढे नावापेक्षा जास्त उपयोगी पडले. पदक चिंच किंवा पॉलिश लावून घासू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. आणि 'किंमत करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती फोटो काढण्याआधी तर देऊच नका.

कधी कधी तळहातापेक्षा मोठी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जड काशाची चकती सापडते. तिच्यावर त्रिशूळ धरलेली बाई आणि सिंह असतो, आणि माणसाचं नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसालाच ही चकती मिळत असे. ती घरात आहे म्हणजे सरकारने मृत्यू मान्य केला होता आणि घरी कळवलाही होता. तिच्यावर क्रमांक किंवा पलटण मात्र नसते.

बाकी पेन्शनची वही, मनिऑर्डरच्या पावत्या, पत्रं, फोटो. फोटोत खांद्यावरचा बिल्ला आणि पगडी-टोपीचा प्रकार स्पष्ट दिसेल असं मोठ्या आकारात स्कॅन करा. पत्र मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा. अंदाजाने वाचू नका.

मग म्हातारी माणसं. "काय झालं होतं?" असं विचारलं तर ऐकीव गोष्टच परत मिळते. त्यापेक्षा असं विचारा: पैसे यायचे ते कधी बंद झाले? पत्र वाचून कोण दाखवायचं? बरोबर गावातलं आणखी कोण गेलं होतं, आणि त्यातलं कोण परत आलं? त्यांच्या बायकोने मंगळसूत्र कधी काढलं? हा शेवटचा प्रश्न जपून विचारायचा आहे, पण उत्तर फार मोलाचं असतं. दुष्काळाच्या साली, अमक्याच्या लग्नाआधी, पटकीच्या साथीनंतर, असं काहीतरी उत्तर येतं आणि त्यावरून वर्ष बांधता येतं.

मग गाव आणि तालुका

पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. जुनी शाळा, चावडी किंवा देवळाची भिंत बघा, चुन्याखाली झाकलीही गेली असेल. पाटीवर नावं नसतात, पण आकडा असतो. तो तीन असेल आणि गावात तुमच्याखेरीज दोन घरं तीच गोष्ट सांगत असतील, तर तिघांनी मिळून शोधा. शेजारी-शेजारी गेलेली माणसं बहुतेक एकाच पलटणीत असत.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात दोन गोष्टी मागा. एक, गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. परदेशात मेलेल्याची नोंद त्यात क्वचितच मिळते, पण जन्माचं साल आणि बापाचं नाव मिळतं, आणि लष्करी नोंदीशी ताडून पाहायला तेच लागतं. दुसरी, जमिनीचे फेरफार. भाऊ मयत दाखवून वारस नोंद ज्या वर्षी झाली, त्याच्या आधी घरात काहीतरी कागद आला असणार. आमच्या फेरफारात 'मयत, लढाईत' असे दोनच शब्द होते. ते वाचल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

जिल्ह्यांची नावंही जुन्या नकाशाप्रमाणे धरा. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, आजच्या सांगलीचा मोठा भाग साताऱ्यात मोडत होता. लष्करी कागदात 'सातारा' दिसलं म्हणून सांगलीच्या माणसाने पान उलटू नये.

पलटण ओळखणं

मराठी माणूस म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच, असं धरू नका. महार पलटण, म्हणजे १११ वी, १९१७ मध्ये उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. बॉम्बे सॅपर्स (लष्करी बांधकामाची पलटण), तोफखाना, खेचरांची पथकं, दवाखान्यातले डोलीवाले, हमाल, स्वयंपाकी, सगळीकडे आपली माणसं होती. कोकणातली खूप माणसं जहाजांवर खलाशी होती. त्यांच्यासाठी मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये वेगळं स्मारक आहे, आणि सैन्याच्या यादीत ती कितीही शोधली तरी सापडणार नाहीत.

मराठा पलटणींचे आकडे १९२२ मध्ये बदलले. पहिल्या महायुद्धातली १०३ वी नंतर पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी. घरात 'जंगी पलटण' असा शब्द चालत आला असेल तर ती १०३ वी, 'काळी पाचवी' असेल तर १०५ वी. त्या काळच्या इंग्रजी कागदांत मराठा हा शब्द एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर जुन्या कागदांतलं काहीच हाती येत नाही.

पलटण कळली की रणभूमी कळते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, मग शरणागती. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यांतली पुष्कळ वाळवंटातल्या चालीत आणि छावण्यांत मेली. 'बसऱ्याला गेला' याचा अर्थ बऱ्याच घरांत हाच असतो. दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातलं केरेन, इटली, मणिपूरमधलं सांगशाक आणि इंफाळ, अशी ठिकाणं पुढे येतात.

वॉर ग्रेव्ह्जची यादी

युद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची यादी आहे. शोधायला पैसे लागत नाहीत. कोणी शोधून देण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका, तीच यादी तो उघडणार आहे.

इथे बहुतेक लोक आडनाव टाकतात, काही मिळत नाही आणि निराश होऊन सोडून देतात. कारण भरती करणाऱ्या कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं. पांडुरंगचा पांडू झाला, विठोबा 'डब्ल्यू'ने सुरू झाला, गायकवाड, जाधव, मोरे यांची पाच-पाच स्पेलिंगं आहेत. पुष्कळांचं आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून असं करा:

१. आधी सेवा क्रमांक टाका, नाव रिकामं ठेवा. एकच क्रमांक वेगवेगळ्या पलटणींत असतो, तेव्हा पलटण बघून गाळा.
२. क्रमांक नसेल तर पलटण आणि वर्ष टाका, आणि अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गाव, तालुका किंवा जिल्ह्याचं नाव. अनेक नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव, सातारा' असा मजकूर असतो. गावाचंही स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा.
३. तरीही नाही मिळालं तर त्या पलटणीची त्या वर्षाची पूर्ण यादी उतरवून घ्या आणि मोठ्याने वाचा. कागदावर न ओळखू येणारं नाव कानाला ओळखू येतं. आमचं असंच सापडलं. वाचत मी होते, ओळखलं आत्याने.

नोंद मिळाली की स्मारकाचं नाव बघा. नव शापेल हे फ्रान्समधलं स्मारक, कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांसाठी बसरा मेमोरियल. ब्रह्मदेशासाठी रंगून मेमोरियल, मलाया-सिंगापूरसाठी सिंगापूर मेमोरियल. नावात 'क्रिमेशन मेमोरियल' असेल तर तुमच्या माणसाला अग्नी मिळाला होता. ही ओळ घरच्यांना आवर्जून वाचून दाखवा. इंफाळच्या अशा स्मारकावर ८०० हून अधिक नावं आहेत, आणि तिथे जाऊन नमस्कार करून येणं शक्य आहे.

देह न मिळणं ही कमी शौर्याची खूण नाही. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांचीही कबर नाही. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

तारखेबद्दल एक सूचना. बेपत्ता आणि कैदेतल्या माणसांच्या नोंदीतली तारीख कित्येकदा कचेरीने ठरवलेली असते: शेवटचं हजेरीत दिसल्याची, शरणागतीची, किंवा बातमी मिळाल्याची. त्याच दिवशी प्राण गेला असं ती सांगत नाही.

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. कमिशनने स्वतःच एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेद मान्य केला. १,१६,००० किंवा त्याहूनही अधिक मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या, नावानिशी नोंद झालीच नाही असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे तुमच्या माणसाचं नाव यादीत नसेल, तर तो गेलाच नव्हता किंवा घरचे खोटं बोलले, असं समजू नका. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू झाल्याचा कागद असेल, तर नाव घालण्यासाठी कमिशनकडे पुराव्यासह अर्ज करता येतो. तो करा. उशीर झाला म्हणून सोडू नका.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र

प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्ता आणि अर्जाच्या नमुन्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे बहुधा माजी सैनिकच असतात, जुन्या कागदांची भाषा त्यांना कळते.

पत्रात घरची कहाणी लिहू नका. क्रमांक, हुद्दा, नाव (सगळ्या स्पेलिंगांसह), बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा (जुना आणि नवा), पलटण, भरतीचं अंदाजे साल, तुमचं नातं, एवढंच एका पानात. 'सेवेची सर्व कागदपत्रं द्या' असं मागितलं की 'नियमाप्रमाणे नष्ट' असं उत्तर येतं, आणि ते खरं असतं. पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत आहे. म्हणून नेमकं 'लाँग रोल'मधल्या नोंदीची प्रत मागा. भरती झालेल्यांची ती मोठी नोंदवही कायम जपायची असते. आमचं पहिलं पत्र एका कार्यालयातून 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' एवढ्या एका ओळीने परत आलं. दुसऱ्यांदा लाँग रोल हा शब्द घातला, तेव्हा नोंद आली. उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांची मुदत असते.

माणूस पंजाब, बलूच किंवा फ्रंटियर फोर्सच्या पलटणीत असेल, तर फाळणीत त्यांतल्या बऱ्याच पलटणी पाकिस्तानकडे गेल्या. तेव्हा भारतातल्या कार्यालयात खेटे घालण्याआधी पलटण कोणाकडे गेली ते तपासा.

त्या दिवशी काय झालं

पलटणीची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी, लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच डायऱ्या स्कॅन झालेल्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही शोधा. शिपायाचं नाव तिथे मिळण्याची आशा फारशी ठेवू नका. '२ ठार, ५ बेपत्ता' असं असतं. पण पाऊस होता, पाणी संपलं होतं, पहाटे चाल करून गेले, हे कळतं. इतकी वर्षं घरात नुसतं नाव होतं, त्याला एक सकाळ मिळते.

कैदेत गेला असेल तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आहेत आणि ती इंटरनेटवर मोफत बघता येतात. हिंदी सैनिक ब्रिटिशांच्या विभागात शोधायचे. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांना विनंती पाठवावी लागते आणि ती वर्षातल्या ठरावीक काळातच घेतली जाते. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडलं, त्यानंतर बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांनी आझाद हिंद सेनेचे दिल्लीतले कागदही बघावेत.

१९४७ नंतर गेलेल्यांसाठी

इथे वाट वेगळी आहे, कारण हक्काची माणसं अजून हयात आहेत. १९६२ च्या युद्धात सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ ठार आणि १,६९६ बेपत्ता होते. १९६५ आणि १९७१ नंतरच्या बेपत्ता सैनिकांपैकी ८३ जण पाकिस्तानच्या ताब्यात आहेत असं भारत सरकार मानतं, पाकिस्तान नाकारतं. २००७ च्या जूनमध्ये १४ नातेवाइकांना तिथले तुरुंग पाहायला नेलं होतं, पण कोणी सापडलं नाही. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. अशा घरांनी सर्व पत्रव्यवहार रेकॉर्ड ऑफिस आणि परराष्ट्र मंत्रालय या दोन्हींकडे लेखी करावा, पोच जपून ठेवावी. तुरुंगात पाहिल्याची बातमी आणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा.

बर्फात गेलेल्यांच्या घरच्यांनी आपला पत्ता आणि फोन रेकॉर्ड ऑफिसात चालू ठेवावा. १९८४ मध्ये सियाचीनला हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या एका लान्स नायकाचा देह २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडला. ओळख पटली ती लष्करी क्रमांक असलेल्या धातूच्या चकतीवरून.

सापडल्यावर

नोंदीची प्रत छापा, मागे स्रोत आणि तारीख लिहा, आणि घरातल्या सर्वांत थोर माणसाला पहिल्यांदा दाखवा. फोनवर सांगू नका, समोर बसून वाचा.

मी आत्याला तसंच वाचून दाखवलं. क्रमांक, नाव, बापाचं नाव, आमचं गाव, बसरा मेमोरियल, १९१६. ही तारीख कैदेतल्या बातमीची असू शकते, त्याच दिवशी गेले असं नाही, हेही सांगितलं. तिने कागद हातात घेतला, चष्मा वर करून आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "त्या दिवशी तिथी कोणती होती, ते कोणाकडून काढून घेता येईल?"